आमची वाटचाल : मखरापासून चिलखतापर्यंत

आम्ही हौसेने घालायच्या फोमच्या चिलखतांचे, घरी जोडायचे संच विकतो. अंतराळातला सैनिक, यंत्रमानव, परग्रहावरचा शिकारी, ज्याच्या डोक्यात जे असेल ते. पेटीत कापलेला ईव्हीए फोम (चपलांच्या तळाला असतो तसला), कागदी फर्मे म्हणजे कापायचे नमुने, इलॅस्टिक, बकलं आणि मराठीत छापलेली पुस्तिका असते. सोल्यूशन (चिकटवायचा गोंद) आणि हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) ज्याची त्याने आणायची. ‘ताई, तयारच करून द्या ना, हवं तर पैसे जास्त घ्या,’ असं म्हणणारे सतत भेटतात. त्यांना आम्ही नाही का म्हणतो हे सांगायचं, तर मखरांपासून सुरुवात करावी लागेल.

बाबा पुण्यात नाना पेठेत थर्माकोलची मखरं करायचे. आषाढ लागला की घरात पांढरा भुगा उडायला लागायचा, तो अनंत चतुर्दशी झाल्यावरच खाली बसायचा. महिरपी, खांब, कमळं ते तापलेल्या तारेने कापायचे, तेही आधी रेघ न आखता. 23 मार्च 2018 रोजी राज्य सरकारची प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली. गणपतीपुरती तरी सूट द्या म्हणून थर्माकोलवाले उच्च न्यायालयात गेले, पण सूट मिळाली नाही. ‘बंदी बरोबरच आहे, फक्त माझ्या साठीत यायला नको होती,’ एवढंच बाबा म्हणाले. त्या वर्षी त्यांनी पुठ्ठा आणि कापड हाताशी धरलं. पुढे चपलांच्या तळासाठी येतात तसल्या फोमच्या शीटही आणून पाहिल्या.

मी तेव्हा बॅगांच्या एका कारखान्यात फर्मे काढायचे. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला होता आणि मुंबईच्या कॉमिक कॉनला (लोक आवडत्या पात्रांचे पोशाख घालून जमतात त्या मेळाव्याला) चिलखत घालून जायचं त्याच्या मनाने घेतलं होतं. पेपाकुरा नावाचं एक जपानी सॉफ्टवेअर आहे, ते त्रिमितीय आकृती उलगडून सपाट कागदावर मांडतं. त्याने इंटरनेटवरून फाइल उतरवली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंटा काढल्या आणि बाबांच्या फोमवर ठेवून सगळं कापलं. दिसायला झकास. पण छातीचा भाग चढवल्यावर पठ्ठ्याला हात खांद्याच्या वर नेता येईना. खाली बसला तर गळ्याची कड हनुवटीत घुसायची.

मी नुसतं बघून सांगितलं, मुंढा (बगलेभोवतीचा बाहीचा घेर) कमी पडलाय. ब्लाउज शिवणारी कुठलीही बाई हेच म्हणाली असती. ती फाइल करणाऱ्याने उभा पुतळा डोळ्यांपुढे ठेवला होता. हात हलवणारा, वाकणारा, वडापाव खायला बसणारा माणूस नाही. आमच्या धंद्याची कल्पना तिथेच सुचली. चिलखत हे शिवणकाम आहे, फक्त कापडाऐवजी फोम आणि दोऱ्याऐवजी सोल्यूशन. या छंदाचा इतिहासही तेच सांगतो. 1939 साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले पोशाख घालून गेले होते. ते दोन्ही पोशाख मर्टलबाईंनी तयार केले होते. ॲकरमनचं नाव पुष्कळांना ठाऊक असतं, बाईंचं कमी जणांना. असो.

नवशिक्याला आम्ही पहिली गोष्ट शिकवतो ती अंगावरून फर्मा काढायची. जुना टी-शर्ट घालायचा, त्यावर स्वयंपाकघरातली चिकटती प्लास्टिक फिल्म गुंडाळायची आणि वरून डक्ट टेपचे (रुंद, चिवट चिकटपट्टीचे) दोन थर. मग घरातल्या कुणीतरी मार्करने रेघा मारायच्या: छातीची मधली रेघ, दोन्ही कुशी, कंबर, मुंढा. मुंढ्याची रेघ मारताना हात वर, पुढे, मागे फिरवून बघायचा, टेपला सुरकुत्या पडतात तिथपर्यंत आत घ्यायचं. तुकड्यांना आकडे द्यायचे आणि प्रत्येक रेघेला आडव्या जोडखुणा करायच्या. या खुणा विसरल्या की नंतर कुठला तुकडा कुठे, काही कळत नाही. मग पाठीमागून बोथट टोकाच्या कात्रीने टेप कापून कवच उतरवायचं. टेबलावर ते सपाट बसत नाही तिथे चीर द्यायची; त्याचेच पुढे टक होतात. दोन्ही बाजूंचे फर्मे काढायचे नाहीत. जी बाजू नीट आली आहे तेवढी घ्यायची आणि उलटवून दुसरी काढायची, नाहीतर एक खांदा उतरलेला दिसतो.

इथे नवखा माणूस हमखास अडकतो तो जाडीच्या हिशोबात. 10 मिलिमीटरचा फोम छातीभोवती वळवला की बाहेरचा घेर आतल्यापेक्षा सहा सेंटिमीटरच्या वर जातो. फोम आतून दबतो आणि बाहेरून ताणतो, म्हणून फर्म्यात साधारण तीन सेंटिमीटर वाढ धरावी लागते. ती न धरता कापलं तर कागदावर बरोबर आलेलं चिलखत अंगावर तोकडं होतं. आमच्या छापील फर्म्यांत ही वाढ आधीच घेतलेली असते, आणि तुलनेसाठी वाढ न घेतलेली रेघही तुटक छापतो, म्हणजे पुढच्या वेळी माणूस स्वतः हिशोब करतो.

मालाचं म्हणाल तर चपलावाल्यांचे उपकार आहेत. ईव्हीए म्हणजे इथिलीन व्हिनाइल असिटेट. चपला-बुटांच्या धंद्यात त्याच्या शीट मुबलक असतात. आम्ही सुरुवातीला मुंबईत ठक्करबाप्पा कॉलनीतून आणायचो, तिथे पादत्राणांचा कच्चा माल मिळतो. दुकानदाराला जाडी सगळेच विचारतात, आम्ही घनताही विचारतो. हलका फोम चटकन चिंबतो, त्याची कड भुसभुशीत कापली जाते. घनमीटरला 100 किलोचा माल धरला तर 10 मिलिमीटरच्या एका चौरस मीटरचं वजन किलोभर होतं, त्यामुळे अख्खं चिलखत खांद्याला जड होत नाही. छाती-पाठीला 10, दंड-मांड्यांना 6, वरच्या नक्षीला 2 किंवा 4 मिलिमीटर. लहान मुलांच्या खोलीत जोडून अंथरतात त्या चौकोनी मॅटही चालतात, फक्त खरबरीत बाजू आत ठेवायची. पातं, पॉलिश पेपर, निवार पट्टी हे सगळं पुण्यातच बोहरी आळीत मिळतं.

पातं मात्र मिनिटामिनिटाला बदलायची तयारी हवी. फोम मऊ दिसतो पण धार खातो. बोथट पात्याने कड दातेरी येते, आणि दातेरी कडेचा सांधा कितीही घासला तरी दिसतोच.

सोल्यूशन, म्हणजे मोचीकाका वापरतात तेच, दोन्ही कडांना पातळ लावायचं आणि हात बांधून बसायचं. साधारण दहा मिनिटांत बोट लावलं तर चिकटत नाही अशी अवस्था येते. पावसाळ्यात जास्त वेळ लागतो. मग जोडखुणा जुळवून टोकापासून दाबत जायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. बाबांना हे पटायला फार वेळ लागला, कारण थर्माकोलवर सोल्यूशन लावलं की थर्माकोल विरघळतो. सगळा जन्म पांढऱ्या फेविकॉलवर काढलेला माणूस, तो या डब्याकडे संशयानेच बघायचा. आज आमच्याकडचे सगळ्यात सफाईदार सांधे त्यांच्याच हातचे असतात. हे काम गॅलरीत किंवा खिडक्या उघड्या टाकून करायचं, जवळ गॅस नको, देवघरातली समई नको. वाफेसाठी साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही. रंगाऱ्यांचा फिल्टरवाला घ्यावा.

हीट गन फिरवली की फोमचा पृष्ठभाग किंचित चकाकतो. ती चकाकी म्हणजे छिद्रं मिटल्याची खूण. तेवढ्यात तुकडा पातेल्याच्या बुडावर किंवा स्वतःच्या मांडीवर (जाड पँट घालून) दाबून गार होईपर्यंत धरायचा, मग तो वळण सोडत नाही. वरून पाणी घातलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे तीन-चार हात किंवा लवचीक रबरी स्प्रे. ऑइलपेंट लावू नका, पहिल्यांदा वाकलात की तडे जातात. आधी पूर्ण काळा रंग, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर चंदेरी ओढायचा. फोम लोखंडासारखा दिसायला लागतो तो इथे, आणि हा भाग बघायला घरातले सगळे गोळा होतात.

सुरुवातीला आम्हीही तयार पोशाखच विकायचो. शाळांची गॅदरिंग, वाढदिवस, मॉलमधले कार्यक्रम. काम होतं, पण दमछाक व्हायची. माणूस फोनवर मापं सांगणार, आम्ही बनवणार, आणि ते त्याला होणार नाही. एका कार्यक्रमवाल्यांनी यंत्रमानवांचे पोशाख नेले, त्यांचं बिल आजतागायत निघालेलं नाही. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. चिलखत गर्दीत घातलं की काहीतरी सुटतंच, बकल, पट्टी, खांद्याचा सांधा. ज्याने ते स्वतः जोडलंय तो कोपऱ्यात बसून सोल्यूशनची ट्यूब काढतो आणि दहा मिनिटांत परत उभा राहतो. ज्याने विकत घेतलंय तो आम्हाला फोन करतो. रविवारी, आम्ही जेवत असताना.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि गॅदरिंग, मॉल, सगळं एका फटक्यात बंद. भावाने सहज म्हणून हाताच्या खालच्या भागाचा, मनगट ते कोपर, फर्मा लोकांना पाठवायला सुरुवात केली. घरात अडकलेली पोरं तो बनवून फोटो पाठवायला लागली आणि पुढचे फर्मे मागायला लागली. काहींकडे फोमच नव्हता. वाहतूक सुरू झाल्यावर आम्ही कापलेल्या फोमसकट संच पाठवू लागलो, पोस्टाने आणि एसटीच्या पार्सलने. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, त्याच वर्षी 1 जुलैला नव्याने सुरू झाली होती, ती करून घेतली. ऑनलाइन आणि फुकट होती. मी कारखाना सोडला.

पहिला संच आजही तोच, मनगट ते कोपर. सगळ्यांना आधी शिरस्त्राण हवं असतं. आम्ही ते शेवटी देतो, कारण त्यात सगळे वळणदार सांधे एकत्र येतात. शिवाय काच धुकटते, घाम येतो, आतून मान वळत नाही. मनगट ते कोपर हा भाग एका दिवसात होतो आणि त्यात कापणं, तिरपी कड, तापवणं, रंग, सगळं येऊन जातं. शिरस्त्राण करायला बसाल तेव्हा पाच व्होल्टचा छोटा पंखा आणि पॉवर बँकेसाठी जागा आधीच राखून ठेवा.

‘थ्रीडी प्रिंटरवर का नाही करत?’ हाही नेहमीचा प्रश्न. बारीक नक्षीला, बटणांना आम्ही करतोच. पण प्रिंटरमधलं स्वस्तातलं प्लास्टिक, पीएलए, 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत त्याचं काय होतं ते एकदा बघा. आणि मांडीच्या आकाराचा तुकडा फोममध्ये संध्याकाळी कापून होतो.

संकल्पना आमच्या आमच्याच असतात. सिनेमातल्या पात्रांच्या हुबेहूब प्रतिकृती आम्ही विकत नाही. एका गाजलेल्या अंतराळपटातल्या पांढऱ्या शिरस्त्राणावरून ब्रिटनमध्ये मोठा खटला झाला. ते मूळ बनवणाऱ्या अँड्र्यू एन्सवर्थच्या बाजूने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निकाल दिला, की हे शिल्प नव्हे, सिनेमासाठी बनवलेली वस्तू आहे. पण अमेरिकेतल्या हक्कांच्या मुद्द्यावर तो सुटला नाही. एवढ्या वकिलांचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. स्वतःच्या हौसेसाठी कुणी फर्म्यात फेरफार करून घेतला तर ती त्याची मर्जी.

तयार माल न देण्याचा नियम एकदा मोडला, तो 2023 मध्ये. 23 ऑगस्टला चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं आणि 19 सप्टेंबरला गणपती होते. मंडळांना हलत्या देखाव्यासाठी अंतराळवीर हवे होते, आणि तेही घालून उभे राहता येतील असे. चांद्रयानात माणूस नव्हता हे आम्ही एका कार्यकर्त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, ‘ताई, पुढच्या वेळी असेल.’ बाबांनी तेव्हा कित्येक वर्षांनी गणपतीच्या आधी रात्री जागवल्या.

प्लास्टिकबंदीमुळे मखर सोडलं आणि आता प्लास्टिकचंच विकता, असंही ऐकून घेतो. ईव्हीए कुजत नाही, हे खरंच आहे. मखर दहा दिवसांत कचऱ्यात जायचं, चिलखत दुरुस्त करून वर्षानुवर्षं घालता येतं, एवढाच फरक मी सांगू शकते. कातरण आम्ही पेटीत भरण म्हणून आणि सरावाचे तुकडे म्हणून पाठवतो.

सध्या वाढत्या मुलांसाठीच्या संचावर काम चालू आहे. कुशीला सलग तुकडा न ठेवता दोन पट्ट्या आणि मधे निवार, म्हणजे वर्षभराने दोन इंच सैल करता येईल. मांडीचा भाग अजून जमत नाहीये, मुलं पळतात आणि तो गुडघ्यावर उतरतो. कमरपट्ट्याला टांगून बघतोय. जमला की गॅदरिंगच्या आधी विक्रीला ठेवू.