अण्णांच्या बोटासाठी लिहिलेला ड्रायव्हर

मागच्या गणपतीत वाईला गेले, तेव्हा गाण्यांच्या डबीचं बटण आई दाबत होती. अण्णा खुर्चीतून सांगायचे, आई ओट्यावरून हात पुसत यायची आणि दाबायची. अण्णांना पार्किन्सन्स होऊन चार वर्षं झाली. उजवा हात जास्त थरथरतो. त्यांनी ‘पुढचं गाणं’ दाबलं की डबी तीन गाणी पुढे जायची. मागे यायला गेले की दोन गाणी मागे. शेवटी त्यांनी तिला हात लावणंच सोडून दिलं होतं. जो माणूस आयुष्यभर एसटीच्या डेपोत इंजिनं उघडून बसवत आला, त्याला एका बटणासाठी हाक मारावी लागते, हे मला बघवलं नाही.

मी पुण्यात एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणांच्या आतल्या छोट्या संगणकांवर काम करते. सोळा वर्षं लोकांच्या बोर्डांसाठी ड्रायव्हर, म्हणजे बटणासारख्या हार्डवेअरची बातमी सिस्टिमपर्यंत पोचवणारे प्रोग्रॅम, लिहिते आहे. म्हटलं, एक घरासाठी लिहू. रास्पबेरी पाय हा एका बोर्डाचा छोटा संगणक घरात पडून होता, त्याचीच गाण्यांची नवी पेटी करायची ठरवली. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन ३० मिलिमीटरची चार मोठी आर्केड बटणं, रिमोटचा प्रकाश ओळखणारा एक टीएसओपी १७३८ रिसीव्हर आणि किटबरोबर मिळतो तो २१ बटणांचा छोटा रिमोट आणला. बटणं खुर्चीजवळच्या पेटीवर, रिमोट पलंगावर पडल्यापडल्या वापरायला.

पहिली गोष्ट बघितली ती बटणाची उसळी. आपण बटण एकदा दाबतो, पण आतले धातूचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून काही मिलिसेकंद उडत राहतात, आणि प्रोसेसरला एकाऐवजी पाच-सात दाब दिसतात. माझ्या बटणांत हा प्रकार तीन-चार मिलिसेकंदांत संपत होता. पायवर लिनक्स चालतं; त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, यासाठी ‘जीपीआयओ-कीज’ नावाचा तयार ड्रायव्हर आहे आणि तो मुळातच ५ मिलिसेकंद थांबून मग बटणाची स्थिती वाचतो. म्हणजे धातूचा प्रश्न कधीच सुटलेला आहे.

मग अण्णांना बटण दाबायला सांगितलं आणि प्रत्येक कडेची वेळ नोंदवली. कड म्हणजे पिनवरचा व्होल्टेज वरून खाली किंवा खालून वर जातो तो क्षण. त्यांनी एकदा ‘पुढचं’ दाबलं. नोंदीत चार दाब होते, मधलं अंतर १९०, २१०, १८५ मिलिसेकंद. पार्किन्सन्सची थरथर सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होते, म्हणजे दोन झटक्यांत १६५ ते २५० मिलिसेकंद. आकडे तंतोतंत जुळले. ही थरथर हात विसावलेला असताना जास्त असते. दाबायला हात पुढे जातो तेव्हा तो बऱ्यापैकी स्थिर असतो, आणि बोट बटणावर टेकलं की सुरू होते. डबी एका दाबात इतकी गाणी पुढे का जात होती ते त्या चार ओळींत दिसलं.

साहजिकच पहिला विचार असा की तयार ड्रायव्हरमधले ५ मिलिसेकंद वाढवून ३०० करावेत. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये, एक आकडा बदलायचा, काम झालं. करून बघितलं आणि फसलं. जीपीआयओ-कीज प्रत्येक कडेला घड्याळ पुन्हा शून्यापासून लावतो, आणि सगळं शांत झाल्यावर ‘आता बटण कसं आहे’ एवढंच वाचतो. अण्णांनी दाबून, दोन-तीन झटके होऊन बोट उचललं, तर शांत झाल्यावर बटण सुटलेलंच असतं. आधीही सुटलेलं, आताही सुटलेलं, म्हणून काहीच कळवलं जात नाही. दाब पूर्णपणे हरवतो. तीन गाणी पुढे जाण्यापेक्षा हे वाईट, कारण माणसाला वाटतं की आपल्याला साधं दाबताही येत नाही.

म्हणून स्वतःचा लिहिला. नियम उलटा केला: पहिली कड आली की दाब तत्क्षणी कळवायचा, आणि मग बटण सलग ३०० मिलिसेकंद सुटलेलं राहीपर्यंत नवा दाब मानायचा नाही. मधे झटका आला की टायमर पुन्हा पुढे ढकलायचा. धातूची उसळी आणि हाताची थरथर दोन्ही त्याच खिडकीत विरून जातात, आणि गाणं मात्र बोट लागताक्षणी बदलतं.

हे मी अण्णांना जेवताना समजावून सांगत होते. ते म्हणाले, “अगं, हा क्लचचा प्ले झाला.” क्लचच्या पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल असते. नवशिका मेकॅनिक ती पूर्ण काढून टाकतो, आणि मग क्लच सतत अर्धवट दाबलेला राहून प्लेट जळते. “प्ले काढायचा नसतो, मोजून ठेवायचा असतो.” मी कोडमध्ये त्या आकड्याचं नाव आधी ‘डिबाउन्स’ (उसळी गाळणं) ठेवलं होतं, ते त्याच रात्री बदलून ‘प्ले_एमएस’ केलं.

पहिल्या कडेवर विश्वास ठेवण्याची किंमतही मोजावी लागली. रात्री दोन वाजता फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि पेटी गायला लागली. आई दचकून उठली. बटणांच्या तारा मीटरभर लांब होत्या आणि पायच्या आतला पुल-अप, म्हणजे बटण सुटलेलं असताना पिनचा व्होल्टेज वर धरून ठेवणारा रोध, अगदी अशक्त, साधारण ५० किलोओहमचा. तारेत शिरलेला व्होल्टेजचा क्षणभराचा झटकासुद्धा आता पूर्ण दाब ठरत होता. प्रत्येक बटणाला बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप आणि ग्राउंडकडे १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला. दोघांचा गुणाकार एक मिलिसेकंद, तेवढं गाळायला पुरतं. त्यानंतर फ्रिजनं गाणं लावलेलं नाही.

आता ड्रायव्हर शिकणाऱ्यांसाठी, कारण मला नेहमी यावरच पत्रं येतात. बटणाची बातमी वर पाठवायला ‘इनपुट_रिपोर्ट_की’ हे फंक्शन, आणि तिच्यामागे ‘इनपुट_सिंक’ हवंच. सिंक विसरलात तर कर्नल बातमी धरून ठेवतो, वरच्या प्रोग्रॅमला काहीच दिसत नाही आणि तुम्ही वायरिंग तपासत बसता. इंटरप्टच्या हँडलरमध्ये, म्हणजे कड आली की प्रोसेसर हातातलं काम सोडून जे फंक्शन चालवतो त्यात, झोपायचं नाही. तिथे ‘एमस्लीप’ लिहिलंत तर ‘शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक’ असा ओरडा लॉगमध्ये येतो. वाट बघायचं काम टायमरला द्या.

आणि मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलमध्ये घातलेला ड्रायव्हर, काढताना सावध राहा. इथे माझा अख्खा रविवार गेला. मी रिमूव्ह फंक्शनमध्ये टायमर नीट थांबवत होते, तरी दहातून एकदा कर्नल कोसळायचा. कारण असं, की इंटरप्ट मी ‘डेव्हएम’ जातीच्या फंक्शननं मागितला होता, म्हणजे तो परत करायचं काम कर्नल आपणहून करतो, पण रिमूव्ह संपल्यानंतर. टायमर थांबवला आणि इंटरप्ट जाईपर्यंतच्या फटीत बटण हललं, की हँडलर टायमर पुन्हा लावायचा. मॉड्यूल जायचं, त्याची मेमरी जायची, आणि ३०० मिलिसेकंदांनी टायमर नसलेल्या पत्त्यावर उडी मारायचा. डेव्हएमच्या गोष्टी ज्या क्रमानं घेतल्या त्याच्या उलट क्रमानं परत जातात. तेव्हा टायमर बंद करण्याची कृती ‘डेव्हएम_ॲड_ॲक्शन’नं इंटरप्ट मागण्याच्या आधी नोंदवली. आता आधी इंटरप्ट जातो, मग टायमर. ५ मिलिसेकंदांच्या खिडकीत ही चूक वर्षभर दिसली नसती.

रिमोटची गोष्ट वेगळी, आणि मला जास्त आवडलेली. हा रिमोट एनईसी पद्धतीचा. ३८ किलोहर्ट्झवर लुकलुकणारा प्रकाश, आधी ९ मिलिसेकंद चालू, साडेचार बंद, मग ३२ बिट्स. प्रत्येक बिटाचा ठोका ५६२.५ मायक्रोसेकंदांचा, पुढची शांतता तेवढीच असेल तर शून्य, तिप्पट असेल तर एक. पत्ता, पत्त्याचा उलटा, आज्ञा, आज्ञेचा उलटा. उलट्या प्रतीमुळे ट्यूबलाइटच्या चोकनं रिसीव्हरला दिलेला कचरा आपोआप बाद होतो. हे संदेश उलगडणारा डिकोडर मी हौसेनं स्वतः लिहिला. एक संध्याकाळ मात्र एका कोड्यात गेली: नेटवरच्या तक्त्यांत एका बटणाचा कोड ‘ए२’, माझ्याकडे ‘४५’. दोन्ही बरोबर निघाले. एनईसीत सगळ्यात कमी किमतीचा बिट आधी येतो. हे कोड सोळाच्या पायात लिहितात: ए२ म्हणजे १०१०००१०, ते उलटं वाचलं की ०१०००१०१, म्हणजेच ४५.

डिकोडर चालला, आणि मी तो काढून टाकला. कर्नलमधला ‘जीपीआयओ-आयआर’ तेच काम जास्त काळजीनं करतो, तो चालू करायला कॉन्फिगमध्ये एक ओळ पुरते. जे काम आधीच चांगलं झालंय ते स्वतःचं म्हणून ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

पण थरथरीचं काय? रिमोटचं रबरी बटण अण्णांच्या बोटाखाली चार वेळा दबतं, चार पूर्ण संदेश जातात. मी बटणांसारखीच खिडकी लिहायला बसले होते. आधी नोंद बघितली, तर कर्नल एकच दाब दाखवत होता. सोर्स उघडला. एनईसीचा संदेश आला की कर्नल बटण दाबलेलं मानतो आणि पुढच्या संदेशाची ११० अधिक १२५, म्हणजे २३५ मिलिसेकंद वाट बघतो. तेवढ्यात तोच कोड पुन्हा आला तर तो दाब अजून धरलेलाच समजतो. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत प्रत्येक नव्या दाबाला एक टॉगल बिट पालटतो, त्यामुळे तिथे चारही दाब वेगळे मोजले गेले असते. एनईसीत तो बिट नाही. पुस्तकं ही एनईसीची उणीव म्हणून सांगतात. अण्णांच्या हातात तीच उपयोगी पडली. फक्त दाब लांबला की कर्नल ५०० मिलिसेकंदांनी तो आपणहून पुन्हापुन्हा पाठवू लागतो. त्या बातमीची किंमत १ ऐवजी २ असते, प्लेअरमध्ये तेवढ्या दोनाकडे दुर्लक्ष केलं. नको असलेल्या बटणांवर काळी इन्सुलेशन टेप लावली, चार उघडी ठेवली.

ऑफिसमधल्या एका मित्राचं म्हणणं, माणसाचा हात हा ड्रायव्हरचा विषयच नाही; कर्नलनं सोय द्यावी, धोरण वर ठरावं. तत्त्व मला मान्य आहे. म्हणून खिडकीचा आकडा कोडमध्ये गाडून टाकला नाही, सिसएफएसमधल्या, म्हणजे कर्नल बाहेरून बदलण्यासाठी मांडतो त्या फाइलींपैकी एकीत ठेवला, चालू असताना बदलता येतो. त्याची गरज लगेच पडली. सकाळी गोळीच्या आधी अण्णांचा हात संथ आणि मोठा हलतो, काही झटक्यांतलं अंतर ३०० ओलांडतं. गोळी लागू पडली की तासाभरात निवळतो. दिवसातून दोनदा आकडा बदलण्यापेक्षा ३५० वर कायम ठेवला. संध्याकाळी तो जरा जास्त आहे, पण अण्णांची तक्रार नाही.

आवाजाचं मात्र जमलेलं नाही. आवाज पाच पायऱ्या वाढवायचा तर प्रत्येक दाबानंतर थांबावं लागतं, आणि बातम्या सुरू झाल्या की एवढा धीर कुणाला असतो. बटण धरून ठेवलं की आवाज हळूहळू चढेल असं करून बघितलं, पण थरथरणारं बोट धरून ठेवणं हेच सगळ्यात अवघड काम. अण्णांना जुन्या रेडिओसारखा फिरवायचा गोल खटका हवाय. रोटरी एन्कोडर, म्हणजे फिरवलेलं प्रत्येक पाऊल आणि त्याची दिशा कळवणारा खटका, आणून ठेवलाय. त्याच्या दोन पिनांवर थरथर म्हणजे एक पाऊल पुढे, एक मागे, एक पुढे. बेरीज शून्य यायला हवी, तशी येते का ते डिसेंबरच्या सुट्टीत त्यांच्या हाताखाली मोजणार आहे.