पहिला बळी कोण?

प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न काढणं हे माझं काम. स्टेजवर मिरवतो क्विझमास्टर. मी बाजूच्या टेबलाशी, उत्तरांचे कागद घेऊन. कुणी उत्तराला हरकत घेतली, तरच माझ्याकडे माना वळतात.

त्या दिवशी अंतिम फेरी बरोबरीत सुटली आणि टायब्रेकरला माझा हक्काचा प्रश्न निघाला: 'आगगाडीच्या अपघातात मरण पावलेली जगातली पहिली व्यक्ती कोण?' हक्काचा, कारण तो मी आधी तीनदा तरी वापरला होता.

पहिल्या संघाचा बझर वाजला. "विल्यम हस्किसन."

"चूक आहे," दुसऱ्या संघातली मुलगी म्हणाली. बझरबिझर न दाबताच.

हस्किसन मला तोंडपाठ. ब्रिटिश खासदार. १५ सप्टेंबर १८३०, लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं उद्घाटन. इंजिनात पाणी भरायला गाडी पार्कसाइडला थांबली, तसे पाहुणे खाली उतरले. पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टनशी हस्किसनचं बिनसलेलं. ते मिटवायला तो त्यांच्या डब्यापाशी गेला. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून 'रॉकेट' आलं. त्या इंजिनाला ब्रेकच नव्हता. हस्किसन डब्याच्या दाराला लोंबकळला, दार फिरलं आणि तो इंजिनापुढे पडला. पाय चिरडला, त्याच रात्री गेला.

तेव्हा मी जरा घुश्शातच विचारलं, "मग कोण?"

"नाव नाही सांगता येणार, मॅडम. पण १८१५ मध्ये डरहॅम परगण्यात ब्रंटनच्या इंजिनाचा बॉयलर फुटला. बघायला जमलेली कितीतरी माणसं मेली."

मी गप्प. हे इंजिन मला माहीत होतं! रुळावरून चालायचं, पण मागच्या दोन लोखंडी पायांनी स्वतःला ढकलत. ते पाय इतके मजेशीर वाटले होते, की मी ते 'विचित्र यंत्रं' या फायलीत टाकलं होतं. मेलेल्यांकडे लक्षच गेलं नव्हतं.

"बॉयलरचा स्फोट म्हणजे आगगाडीचा अपघात कसा?" पहिल्या संघानं विचारलं. मुद्दा बिनतोड होता. पण दोन्ही बाजू बरोबर वाटत असतील तर प्रश्नच ढिला, हा या धंद्यातला नियम. मी प्रश्न रद्द केला. सभागृहात कुरकुर झाली, क्विझमास्टरनं डोळे वटारले.

राखीव प्रश्न दिला: '१८९५ साली पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकात गाडी थांबेना, भिंत फोडून इंजिन खाली रस्त्यावर कोसळलं. गाडीतले किती प्रवासी दगावले?'

"एक!" पहिला संघ.

"शून्य," मुलगी शांतपणे म्हणाली. "एक बाई मेली, पण ती खाली रस्त्यावर होती. नवऱ्याच्या जागी पेपर विकायला बसली होती."

उत्तराच्या कागदावर मी फक्त 'शून्य' लिहिलं होतं. करंडक तिच्या संघाला गेला.

रात्री जुना प्रश्न दुरुस्त केला: 'लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाच्या दिवशी 'रॉकेट'खाली सापडलेला खासदार कोण?' आता कुणाची हरकत यायची नाही. मग ते पायांचं इंजिन 'रेल्वे अपघात' फायलीत हलवलं. त्यावर प्रश्न काही अजून जमलेला नाही. प्रश्न कसाही फिरवला, तरी उत्तर इंजिन बनवणारा ब्रंटनच येतो.