करार आधी की मंजुरी आधी?

विद्यापीठाच्या रिसर्च सपोर्ट सेलबद्दल कुणी विचारलं तर मी चांगलंच बोलते. ट्रेनिंग छान झालं, मेंटॉर मिळाले, प्रोटोकॉल, म्हणजे स्टडी कशी करायची याचा लेखी आराखडा, तपासून देणारी माणसं होती. पण मधल्या दोन ऑफिसांनी जी टोलवाटोलवी केली तिचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

स्टडी तशी सरळ होती. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला डिस्चार्ज देताना थोडं रक्त घ्यायचं, त्यातलं एक प्रथिन मोजायचं आणि पुढच्या सहा महिन्यांत कोण पुन्हा ॲडमिट होतं ते बघायचं. गोची एवढीच, की ते प्रथिन मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. नमुने दुसऱ्या संस्थेच्या लॅबला पाठवायचे होते. नमुने बाहेर जाणार म्हटलं की मटेरियल ट्रान्सफर ॲग्रीमेंट, म्हणजे नमुने कोणत्या अटींवर द्यायचे याचा दोन संस्थांमधला करार, आलंच.

पेशंटवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये प्रश्न होता: नमुने संस्थेबाहेर पाठवणार का? 'हो' म्हटलं की खाली एक रकाना उघडतो, कराराची प्रत जोडा. तिथे पीडीएफ चढवल्याशिवाय सबमिटचं बटण राखाडीच राहतं. गेले करार विभागात. तिथल्या साहेबांनी फाइल न उघडताच सांगितलं, "एथिक्सचं पत्र लावा, मग बघू." परत कमिटीच्या ऑफिसात. "करार नसेल तर अर्ज पुढे जाणारच नाही, मॅडम." आणि दोघांच्याही बोलण्यात तिळमात्र शंका नाही!

बरं, वेगवेगळं ऐकलं तर दोघांचंही बरोबर. नमुने कुणाकडे राहणार, किती काळ राहणार, ठरलेल्या चाचणीशिवाय आणखी काही त्यांवर करणार का, हे कळल्याशिवाय कमिटीनं होकार कसा द्यायचा? साठवलेल्या नमुन्यांबाबत हेच प्रश्न विचारले जावेत म्हणून वर्ल्ड मेडिकल असोसिएशनचा २०१६ चा तैपेई जाहीरनामा आहे. दुसरीकडे, कमिटी उद्या प्रोटोकॉलच बदलायला लावणार असेल तर आज सह्या करून काय उपयोग, हेही खरंच. पण या दोन बरोबरांच्या मध्ये माझी फाइल अडकली होती. त्यात बैठकीच्या बऱ्याच आधी अर्ज घेणं बंद होतं, त्यामुळे एक बैठक हुकली की पुढचीची वाट बघत बसायचं. एका क्लार्कनं तर कोरं पान चढवून टाका असा सल्ला दिला. नाही चढवलं. एथिक्सच्या अर्जातच बनवाबनवी करायची म्हणजे कमालच.

सुटका केली ती सपोर्ट सेलच्या कोऑर्डिनेटर बाईंनी. त्या डॉक्टर नाहीत, पण कोणती फाइल कोणत्या टेबलावर का थांबते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. त्यांनी फॉर्म वाचला आणि म्हणाल्या, "मसुदा जोडा ना. सही केलेला करार मागतंय कोण?" सही नसलेला मसुदा, सोबत त्या लॅबचं 'नमुने स्वीकारायला तयार आहोत' असं पत्र आणि कव्हरिंग लेटरमध्ये एक वाक्य: करारावर सह्या होईपर्यंत एकही नमुना बाहेर जाणार नाही. कमिटीनं हीच अट घालून मंजुरी दिली. ते पत्र दाखवल्यावर करार विभागातली फाइल हलली. तोपर्यंत नमुने गोळा करून उणे ८० अंशाच्या फ्रीझरमध्ये ठेवायलाही मोकळीक मिळाली.

हे एवढंच फॉर्मवर छापायला काय जातं? मी विचारलंही. उत्तर आलं, "सगळ्यांना माहीत असतं." कुणाला? आता मात्र नव्या लोकांना दाखवायला माझीच फाइल काढतात, हे सांगताना मला थोडा आनंद होतो.

मसुदा हातात आला की उरलेल्या नमुन्यांचं कलम आधी वाचा: परत येणार की नष्ट करणार. मग पेपर छापण्याचं. समोरच्या लॅबला छपाईआधी वाचायला द्यायला हरकत नाही, पण किती दिवसांत वाचायचं ते लिहून घ्या. पेशंटची नावं काढून नंबर दिले म्हणजे डेटा 'अनामिक' झाला असंही करारात लिहू नका. नंबर कुणाचा ही यादी तुमच्या कपाटात आहे तोवर तो फक्त कोडेड असतो.

संमतीपत्रात भविष्यातल्या संशोधनासाठी नमुना ठेवायचा का, याला वेगळा हो-नाहीचा चौकोन ठेवा. दर पानाखाली आवृत्ती क्रमांक आणि तारीख हवीच.

संख्याशास्त्रज्ञाकडे प्रोटोकॉल लिहिण्याआधी जा, हे खरं तर वर यायला हवं होतं. आमच्या संख्याशास्त्राच्या सरांनी पहिला प्रश्न विचारला तो किती पेशंट घेणार हा नव्हे, तर त्यातले किती पुन्हा ॲडमिट होतील हा. अशा स्टडीत गणित त्या आकड्यावर चालतं. आणि २० टक्के लोक मध्येच सुटतील असं धरलं, तर २०० साठी २४० नव्हे, २५० घ्यावे लागतात. २०० ला ०.८ ने भागायचं. कमिटीतलं कुणी ना कुणी हे तपासतंच.

उपचारांची ट्रायल करत असाल तर पहिला पेशंट घेण्याआधी ट्रायलची सार्वजनिक रजिस्ट्रीत नोंदणी करा. आयसीएमजेई या वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नियतकालिकांनी २००५ पासून ही अट घातली आहे आणि नंतर धावपळ करून ती भरून काढता येत नाही.

गोठवण्याआधी प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. दर वेळी सगळी नळी वितळवली तर प्रथिन खराब होण्याची भीती. लेबलं फ्रीझरसाठीचीच घ्या, साधी कागदी गळून पडतात आणि मग कुठली नळी कुणाची हे देवालाच ठाऊक.

सह्या झालेला करार आला तेव्हा कोऑर्डिनेटर बाईंना आधी फोन केला. अभिनंदन वगैरे काही नाही. "कुरिअरवाला ड्राय आइस नेतो का, विचारलंत?" विचारलं नव्हतं, लगेच विचारलं. डब्यावर यूएन १८४५ चं (हा ड्राय आइसचा धोकादायक मालाच्या यादीतला क्रमांक) लेबल लागतं, आणि डबा हवाबंद करायचा नाही. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, त्याचा गॅस होतो, तो बाहेर पडायला वाट हवी.