तुम्ही विचारलंत म्हणून: ते माझ्यासारखं कसं लिहितं?

‘तुमचं एआय अगदी तुमच्यासारखं लिहितं, आमचं मात्र परिपत्रकासारखं. असं का?’ हे इतक्या जणांनी विचारलंय, की आता नीट बसून सांगते.

सुरुवातीला मीही ‘सोपं, ओघवतं, आपुलकीनं लिही’ असंच सांगून पाहिलं. जे आलं ते कुणाच्याही नावावर खपलं असतं. ‘ओघवतं’ म्हटलं की त्याच्यासमोर असंख्य लोकांचं ओघवतं येतं, आणि त्या सगळ्यांतून मधलं काहीतरी निघतं. माझं त्यात काय असणार?

मग मी माझे दहा-बारा जुने लेख आणि काही पत्रं काढली आणि पेन्सिल घेऊन बसले. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. मी ‘परंतु’ कधीच लिहीत नाही, कायम ‘पण’. थबकायचं असलं की ‘म्हणजे’ येतं. जोर द्यायचा तर शब्द वाढवत नाही, नुसता ‘च’ लावते. परिच्छेदाच्या शेवटी बहुतेक वेळा छोटं वाक्य. यातलं एकही मला आधी माहीत नव्हतं.

लकब अशा बारक्या शब्दांतच असते, हे संशोधकांनी केव्हाच दाखवून दिलंय. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं १७८७-८८ मध्ये एकाच टोपणनावानं ८५ लेख आले, ‘फेडरलिस्ट’ नावानं ओळखले जातात ते. त्यांतले १२ अलेक्झांडर हॅमिल्टनचे की जेम्स मॅडिसनचे (दोघेही तेव्हाचे अमेरिकी नेते), हा वाद पुढे दीडशे वर्षांहून जास्त चालला. फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली शब्द मोजून कौल दिला तो मॅडिसनच्या बाजूनं. त्यांनी विषय किंवा विचार बघितले नाहीत, ‘अपॉन’सारखे (म्हणजे ‘वर’) किरकोळ इंग्रजी शब्द मोजले. हॅमिल्टन तो सारखा वापरायचा, मॅडिसन जवळजवळ नाहीच. हे वाचल्यावर माझ्या ‘पण’कडे मी आदरानं बघायला लागले.

तर, एआयला मी सूचनांची जी फाइल देते तिच्यात आता विशेषण एकही नाही. माझे तीन पूर्ण उतारे आहेत आणि जोड्या आहेत, त्यानं लिहिलेलं वाक्य आणि शेजारी मी सुधारलेलं. त्यानं लिहिलं होतं, ‘नियमित वाचनाद्वारे आपण आपल्या विचारशक्तीमध्ये सुधारणा करू शकतो.’ माझं, ‘रोज वाचत गेलं की डोकं चालायला लागतं.’ अशा वीसेक जोड्यांनी जे साधलं ते पानभर नियमांनी साधलं नव्हतं. नुसतं ‘द्वारे लिहू नकोस’ म्हटलं की ते ‘च्या माध्यमातून’ लिहितं. त्या जागी काय हवं, तेही दाखवावं लागतं.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘केलं, गेलं’ लिहायचं की ‘केले, गेले’, हे सांगितलं नाही तर एकाच परिच्छेदात दोन्ही येतात. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. ‘तुम्ही’ आणि ‘आपण’चंही तसंच. माझ्या फाइलची पहिली ओळच ही आहे.

‘पहिल्या दिवशी छान लिहितं, मग बिघडतं’ ही तुमची दुसरी तक्रार. चॅटजीपीटीत कायमच्या सूचना लिहून ठेवायची सोय जुलै २०२३ मध्ये आली, क्लॉड या दुसऱ्या एआयमध्ये स्वतःची शैली ठरवून ठेवायची सोय नोव्हेंबर २०२४ मध्ये. पण त्या सूचनांनी मॉडेल तुमची भाषा शिकून बसत नाही. उत्तर लिहिताना दरवेळी ते सूचना आणि झालेलं संभाषण एकत्र वाचतं. संभाषण लांबत गेलं की त्यात तुमच्या उताऱ्यांपेक्षा त्याचाच मजकूर जास्त होतो, आणि ते स्वतःचीच नक्कल करायला लागतं. म्हणून मी प्रत्येक लेखासाठी नवं संभाषण उघडते. वाद घालत बसत नाही.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. एका मैत्रिणीची आई गेली तेव्हा मला शब्द सुचेनात, म्हणून मी तिला लिहायचं पत्र त्याच्याकडून लिहून घेतलं. फाइलमध्ये होतं तसंच सगळं उतरलं होतं, माझा ‘च’, माझं ‘म्हणजे’, शेवटचं छोटं वाक्य. आणि पत्र वाचवेना. मी लेखात बोलते तशी तिच्याशी कधी बोललेच नव्हते. तिच्याशी बोलताना माझी वाक्यं अर्धवट राहतात, ती पुरी करते. ते पत्र मी पुसून टाकलं आणि हातानं चार ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन अर्धवट.

वाचकांना उत्तरं लिहायला ती फाइल अजून रोज वापरते. मागच्याच आठवड्यात तिच्यात आणखी दोन जोड्या घातल्या.