चिन्ह हाती आले, पण गणित होईना

मुलीच्या तोंडी हिशेबाच्या सरावासाठी मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. प्रत्येक वेळी दोन नवे आकडे आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार या चारपैकी कोणतेही एक चिन्ह यावे, एवढाच बेत होता. आकडे रँडइंटने, म्हणजे यादृच्छिक पूर्णांक देणाऱ्या फंक्शनने, पाच मिनिटांत मिळाले. चिन्हाने मात्र दोन संध्याकाळी खाल्ल्या आणि तो राग अजून गेलेला नाही, कारण ज्या कोर्समधून मी शिकत होतो त्यात या अडचणीचा उल्लेखसुद्धा नव्हता.

चिन्हांच्या यादीतून चॉइस या फंक्शनने कोणतेही एक चिन्ह उचलले, ‘ऑप’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवायच्या नावात) ठेवले आणि ‘ए ऑप बी’ असे लिहिले. लगेच सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याची रचनाच चुकल्याचा इशारा. अवतरणात लिहिलेले * म्हणजे नुसती स्ट्रिंग, अक्षरांचा मजकूर. पडद्यावर 7 * 8 छापायला ती उपयोगी पडते, पण गुणाकार तिच्याने होत नाही, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. मग मजकुरालाच कोड समजून चालवणारे इव्हॅल हे फंक्शन वापरून पाहिले. उत्तर आले, पण इव्हॅल हाती पडेल तो पायथनचा मजकूर चालवते आणि उद्या त्यात मुलीने टाइप केलेले काही गेले तर तेही चालवील, म्हणून ते काढून टाकले.

वाट सापडली ती पायथनबरोबरच येणाऱ्या ऑपरेटर मॉड्यूलमध्ये, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचात. डिक्शनरीत, म्हणजे एका नावासमोर एक गोष्ट ठेवणाऱ्या जोड्यांच्या यादीत, + समोर ॲड, - समोर सब, * समोर मल ही फंक्शने ठेवायची, मात्र नावापुढे कंस लावायचा नाही. मी तो लावला होता, म्हणून ॲडला दोन आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायच्या किमती) हवीत, मिळाली शून्य, असा टाइपएरर येत राहिला. कंस लावताच फंक्शन तिथल्या तिथे चालू लागते, हे उमगायला दुसरी संध्याकाळ गेली. कंस काढले, डिक्शनरीतून निघालेल्या फंक्शनला दोन आकडे दिले आणि 56 उमटले, तेव्हा झालेला आनंद मी विसरणार नाही.

चॉइसऐवजी चुकून चॉइसेस लिहू नका. ते एकच चिन्ह असले तरी यादी देते आणि यादी डिक्शनरीची ‘की’, म्हणजे शोधायचे नाव, होऊ शकत नाही. भागाकारासाठी भाजक आणि उत्तर आधी निवडून त्यांच्या गुणाकाराला भाज्य करावे आणि फ्लोअरडिव्ह (पूर्णांकात भागाकार करणारे फंक्शन) वापरावे, नाहीतर चौथीतल्या मुलीसमोर 7 भागिले 3 चे 2.3333333333333335 येते. भाजक 1 पासून घ्यावा. आणि सुरुवातीलाच सांगायचे राहिले ते हे, की इनपुटमधून आलेले उत्तरही स्ट्रिंगच असते. ते इंट या फंक्शनने आकड्यात बदलले नाही, तर मुलीने 56 लिहूनही प्रोग्रॅम ‘चूक’ म्हणतो.