नट हलका झाला तेव्हा

बुधवार होता, म्हणजे पुण्यातल्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराचा दिवस. सकाळी लवकरच गेलो, कारण माझा स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे गाडीची स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार, मार्चमध्ये एकाने "दोन तासांत आणून देतो" म्हणून नेला आणि आता तो गृहस्थ फोनही उचलत नाही. नवी बरी जोडी अडीच हजारांच्या पुढे.

ताडपत्रीवर पान्यांच्या ढिगात एक जोडी दिसली. दोन दांडे, प्रत्येकाला दोन हुक, वर निळा रंग. "जपानी माल आहे भाऊ, हजार द्या." जुन्या बाजारात जपानी म्हणजे कुठला ते माहीत नाही, एवढाच अर्थ. मी आटे तपासले. दांड्याच्या टोकाचे आटे नेहमीच चांगले असतात, तिथे भार येत नाही. झीज होते ती मधल्या वीतभर भागात. या जाड दांड्यांच्या आट्यांची शेंडी सपाट असते. ती सुरीच्या पात्यासारखी झाली असेल तर तसंच खाली ठेवून चालू लागायचं. नट बोटांनी पूर्ण लांबीभर फिरवला, मधे थांबून हलवून पाहिला. खडखड नव्हती. एका हुकाला लॉकपिनेच्या जागी खिळा वाकवून घातलेला, त्यावरून घासाघीस केली आणि सातशेला सुटला. हुकही पाहिले तसे, पण रंगाखालचं काय दिसणार? जुन्या हत्याराला कुणी ताजा रंग कशाला देईल, हा प्रश्न तिथे पडला नाही. वीस वर्षं हात काळे केले तरी पडला नाही.

गॅरेजवर वॅगनआर उभी होती. स्टिअरिंग फिरवलं की पुढून उजवीकडे 'टण्' वाजायचं. शॉकअप वर जिथे गाडीला बसतो, त्या माउंटिंगचं बेअरिंग जाम. गाडी एका सरांची, त्यांना संध्याकाळी साताऱ्याला निघायचं होतं.

हे काम दिसतं तेवढं साधं नाही. आमचे उस्ताद ॲम्बॅसिडरवर शिकलेले, तिला पुढे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगऐवजी पिळणारा दांडा, तिथे ही भानगडच नव्हती. १९८३ साली मारुती ८०० आली आणि मग शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेला हा स्ट्रट आमच्या गल्लीबोळातल्या गॅरेजांत रोजचा झाला. त्यात स्प्रिंग वरखाली दोन वाट्यांमध्ये दाबून बसवलेली असते आणि वरचा एकच नट तिला धरून असतो. मिलिमीटरमागे दोन किलो धरा. शंभर मिलिमीटर दाबली की दोनशे किलो झाले. तो नट वेळेआधी सोडला तर माउंटिंग आधी छताला लागतं, नाहीतर आपल्या जबड्याला.

स्ट्रट खालच्या ब्रॅकेटवर वाइसमध्ये धरला. हुक बरोबर समोरासमोर लावले, मधे जितके वेढे घेता येतील तितके घेतले. खिळा काढून तिथे नीट बोल्ट घातला. गुंडाळायला चेन होतीच, ती दोन वेढ्यांतून सैल ओवून घेतली. पोऱ्याने सवयीने इम्पॅक्ट गन उचलली.

"ठेव खाली."

"पटकन होईल दादा."

"म्हणूनच ठेव."

गनने एक बाजू पुढे पळते, स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आटे तापून चिकटतात. पण मला गन नको असते ती वेगळ्याच कारणासाठी: भार किती आलाय ते हाताला कळत नाही. हातपान्याने दोन फेरे इकडे, दोन तिकडे, असं चालू केलं. स्प्रिंग वरच्या वाटीत मोकळी फिरू लागेपर्यंत वरच्या नटाला हात लावायचा नाही. आमच्याकडे यात सूट नाही.

पाचव्या खेपेला डावीकडचा नट जड लागला. व्हायलाच हवा. उजवीकडे पाना लावला, अर्धा फेरा जड गेला आणि मग नट हलका झाला.

आवाज काही झाला नाही. खाली पाहिलं तर जमिनीवर निळ्या रंगाची नखभर पापडी पडली होती.

पोऱ्याला लांब उभं केलं. मी स्प्रिंगच्या टोकांसमोरून बाजूला झालो आणि तसाच दोन-दोन फेऱ्यांनी उलटा आलो. माउंटिंगचा नट जागेवर होता म्हणून स्प्रिंग वाट्यांतच बसून राहिली. आणखी दहा मिनिटांनी तो सुटलेला असता. पाठीचा शर्ट ओला झालेला मला नंतर कळला.

हुक काढून थिनर आणि तारेच्या ब्रशने रंग उतरवला. वळणावर कुणीतरी वेल्डिंग मारून ग्राइंडरने गुळगुळीत केलं होतं. शेजारच्या लेथवाल्या मामांनी हुक अर्धा तास डिझेलमध्ये बुडवून ठेवला, कोरडा पुसला आणि त्यावर मार्किंगचा खडू घासला. पांढऱ्यावर काही नाही. मग हळूहळू वेल्डिंगच्या अगदी कडेने एक काळी रेघ उमटली. चिरेत शिरलेलं डिझेल खडूने बाहेर ओढलं होतं.

"याचं पाणी गेलं रे," मामा म्हणाले. "पाणी दिलेल्या पोलादाला वेल्डिंग मारलं की पाणी उतरतं, आणि कडेची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते."

दुसऱ्या गॅरेजवाल्याचा कॉम्प्रेसर तासाभरासाठी मागून आणला. तो परत करायला मीच गेलो, हे मुद्दाम सांगतो. माउंटिंग दोन्ही बाजूंची बदलली, स्प्रिंगचं खालचं टोक वाटीतल्या खाचेला टेकवलं आणि सर साडेसहाला निघाले. त्यांना यातलं काही सांगितलं नाही.

नंतर तो हुक वाइसमध्ये धरून हातोड्याचा एकच घाव घातला. तुकडा उडाला. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग गंजून तपकिरी झालेला, म्हणजे चीर जुनीच. उरलेली पट्टी ताज्या चांदीसारखी चमकत होती, करंगळीच्या नखापेक्षा जराशी मोठी. सगळा भार तेवढ्यावर होता.

उरलेले तीन हुक मी ग्राइंडरने मधोमध कापले. भंगारवाल्याने ते पाहून चुकचुक केलं. "हे तर चांगले होते शेठ, जोडी म्हणून गेली असती."

"म्हणूनच कापले," म्हटलं, आणि वजन करायला लावलं.