तुम्ही विचारलंत म्हणून: कालच ऑपरेशन झालं, आज उठवायची घाई कशाला?

ऑर्थोपेडिक वॉर्डात काम करणाऱ्या नर्सला हा प्रश्न चुकत नाही. वॉर्डात विचारतात, बाजारात भेटले तरी विचारतात. मुलगा विचारतो तेव्हा त्यात तक्रार असते, सून विचारते तेव्हा भीती, आणि आजी स्वतः विचारतात तेव्हा सरळ गयावया: "सिस्टर, आजच्या दिवस राहू दे गं, उद्या बघू." एका भाच्याने तर तोंडावर विचारलं होतं, "कॉट रिकामी करायचीय का तुम्हाला?"

तर नीट सांगते.

खुबा मोडलेल्या माणसाचं ऑपरेशन करतात तेच मुळी त्याला लवकर उठता यावं म्हणून. हाडात रॉड घालतात, नाहीतर खुब्याच्या सांध्यातला बॉल बदलतात. हे न करता हाड आपोआप जुळायची वाट बघायची, तर पायाला वजन लटकवून कित्येक आठवडे पडून राहावं लागतं. पूर्वी तसंच करायचे. हाड जुळायचंही कधीकधी, पण तोवर छातीत कफ साठून न्यूमोनिया तरी व्हायचा, नाहीतर पाठीला जखमा. मग गावात म्हणायचे, खुबा मोडला आणि म्हातारी गेली. खुब्याने नव्हती गेली हो, खाटेने गेली.

पडून राहिलं की आराम, आणि आरामाने कुणाचं वाईट होत नाही, ही समजूत डॉक्टरांचीही होती. हार्ट अटॅक आलेल्याला चार-सहा आठवडे हलू देत नसत. रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी 1947 साली खाटेवर पडून राहण्याचे धोके अवयवागणिक लिहून काढले. 1952 मध्ये अमेरिकेत डॉ. सॅम्युअल लिव्हाइन यांनी अटॅकच्या रुग्णांना पहिल्या आठवड्यातच खुर्चीत बसवल्याचा अनुभव छापला, तेव्हा भुवया उंचावल्या होत्या. आणि 2007 मध्ये एका अभ्यासात धडधाकट वयस्कर माणसांना मुद्दाम 10 दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचं मांस जवळजवळ 1 किलो उतरलं. त्यांना काही झालेलं नव्हतं, फक्त झोपले होते. आमच्या आजींचं आधीच हाड मोडलेलं, रक्त गेलेलं, जेवण निम्म्यावर आलेलं.

पोटऱ्यांचे स्नायू हलले नाहीत की पायातलं रक्त रेंगाळतं, गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. छातीच्या तळाशी हवा पोचत नाही, म्हणून ते श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलवालं खेळणं तोंडाने ओढायला लावतो. पोट साफ होत नाही. रात्री माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतं. हे सगळं तुम्हाला डॉक्टर सांगतील. मला बोलायचंय ते कातडीबद्दल, कारण ती बघणं आमचं काम आहे.

माकडहाड, टाचा, खुब्याची कड. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते आणि तिथलं रक्त थांबतं. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलतो. पूर्ण कुशीवर नाही, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन थोडं कलतं, साधारण 30 अंशांत. डाग दिसला तर बोटाने दाबून बघायचं. बोट काढल्यावरही फिका पडला नसेल, तर जखम आतून सुरू झाली समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, तिथे हात लावून बघावं लागतं: गरम लागतंय का, आजूबाजूपेक्षा कडक किंवा लिबलिबीत लागतंय का. अशा जागी चोळायचं नाही. तेल नाही, पावडर नाही. पाणी भरलेले ग्लोव्हज टाचेखाली ठेवायची पद्धत अजून अनेक ठिकाणी दिसते, त्याने टाच उचलली जात नाही. उशी पोटरीखाली द्या, टाच अधांतरी राहू द्या. आणि एअर मॅट्रेस आणली म्हणजे कूस बदलायला नको, असं सांगणारा दुकानदार आपल्या आईला तसं ठेवणार नाही.

आता उठवण्याचं. नातेवाइकांना वाटतं आम्ही धरून उचलतो. दोन धट्टेकट्टे पुतणे काखेत हात घालून आजींना उभं करायला पुढे सरसावतात, तेव्हा मी आधी त्यांनाच बाजूला करते. काखेत ओढलं की खांदा दुखावतो, अर्धांगवायूच्या माणसाचा तर निखळतोसुद्धा. माझ्या गळ्यात हात टाकायलाही मी देत नाही, कारण त्या घसरल्या तर आम्ही दोघी खाली.

दुखण्याची गोळी साधारण अर्धा-एक तास आधी दिलेली असते. कॉटची चाकं लॉक. उंची अशी की पावलं जमिनीला सपाट टेकतील. लघवीची पिशवी खालीच धरायची, पण पायात येईल अशी लोंबकळू द्यायची नाही. पायात मागून पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल. मग डोक्याकडची बाजू वर, मग पाय कडेवरून खाली, आणि तिथेच थांबायचं. हे थांबणं तुम्हाला वेळकाढूपणा वाटतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी 20 ने उतरलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते, पडतात ते तेव्हाच. म्हणून बसल्यावर बीपी बघते, रंग बघते, गप्पा मारते. उत्तर यायला उशीर झाला की परत आडवं. सगळं ठीक असेल तर कमरेला जाड पट्टा, नसेल तर घडी घातलेली चादर, आणि माझा हात त्या पट्ट्यात. जोर आजींनीच लावायचा. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. पहिल्या दिवशी कॉटपासून खुर्चीपर्यंत आल्या तरी भरपूर झालं.

सगळ्यांनाच उठवतो असं नाही. मणका मोडून अस्थिर असेल, बीपी लागत नसेल, सर्जननी पायावर भार नको म्हटलं असेल, तर नियम वेगळे. मणक्याच्या पेशंटला ओंडक्यासारखं एकसंध वळवावं लागतं, त्याला चार माणसं लागतात, आणि रात्रपाळीत ती कुठून आणायची हा प्रश्न मला विचारू नका, वर विचारा.

पण खरी अडचण होते ती मायेची. चमच्याने भरवतात, हातात ग्लास देऊ देत नाहीत, "डायपर लावा सिस्टर, कशाला उठायचं" म्हणतात. आणि आजी हुशार. उठायला लागू नये म्हणून पाणी प्यायचंच सोडतात. मग लघवीला जळजळ, पोट घट्ट, ताप. आजींना स्वतःच्या हाताने केस विंचरू द्या. खुर्चीत बसून जेवू द्या. वेळ लागेल, सांडेल.

रात्री बाथरूमला जाताना पडणारे फार. कॉटचे कठडे लावले की निर्धास्त होऊन झोपू नका, गोंधळलेला माणूस कठडा ओलांडतो आणि जास्त उंचीवरून पडतो. झोपायच्या आधी एकदा आणि पहाटे एकदा आपणहून बाथरूमला न्या.

घरी नेताना पायपुसणी, सतरंज्या उचलून ठेवा, भारतीय संडासावर कमोडची खुर्ची ठेवा. बॉल बदललेला असेल तर पाटावर, जमिनीवर बसणं बंद, मांडीही नाही, डॉक्टर सांगेपर्यंत. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर प्रेमाने मालिश करायला बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात आणा. अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर त्याच मिनिटाला 108 ला फोन करा.